बंद पडलेल्या सर्व्हरमधून डेटा काढताना: आधी काय करायचं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात विंडोज सर्व्हर आहे. २ टीबीच्या चार डिस्क, हार्डवेअर रेड ५, म्हणजे कंट्रोलर नावाच्या कार्डानं चारही एकत्र जोडून एकच डिस्क असल्यासारख्या चालवलेल्या. त्यावर टॅली, स्टोअर आणि डिस्पॅचचं एसक्यूएलवर चालणारं सॉफ्टवेअर आणि कास्टिंगची सगळी ड्रॉइंगं. सुट्टीच्या रात्री वीज गेली, यूपीएस संपला. सकाळी सर्व्हर सुरू केला तर काळ्या स्क्रीनवर बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा मेसेज, आणि चारपैकी दोन डिस्कचे दिवे नारंगी. बॅकअपची बाहेरची डिस्क आहे, पण तिच्यावरची शेवटची तारीख दिवाळीआधीची. मेंटेनन्सवाला म्हणतोय, ‘दोन्ही डिस्क फोर्स ऑनलाइन करून रिबिल्ड लावू, नाही जमलं तर विंडोज नव्यानं टाकू.’ म्हणजे बाहेर पडलेल्या डिस्क जबरदस्तीनं आत घ्यायच्या आणि त्यांच्यावरचा डेटा बाकीच्यांवरून नव्यानं लिहायचा. मालकांना संध्याकाळपर्यंत बिलिंग चालू पाहिजे. काय करावं?

उत्तर आधी, कारणं नंतर. रिबिल्ड लावू नका. विंडोज तर अजिबात टाकू नका. सर्व्हर बंद करा आणि या दोघांपैकी कुणी ‘एकदा बघूया तरी’ म्हणालं तरी परत चालू करू नका. अपवाद फक्त कंट्रोलरचा लॉग बघण्यापुरता, तो पुढं येतो. या धंद्यात डेटाचे जे मुडदे बघायला मिळतात, त्यातले बरेचसे बिघाडानं पडलेले नसतात. बिघाडानंतरच्या पहिल्या दिवशीच्या घाईनं पडलेले असतात.

मालकांना एवढंच समजावा की सर्व्हर चालू करणं हे एक काम आणि डेटा काढणं हे दुसरं काम, आणि दोन्ही एकाच मशीनवर करायची नाहीत. बिलिंगसाठी आजच एखादा बरा डेस्कटॉप घ्या, त्यावर टॅली टाकून आजपासूनची बिलं सुरू करा. शेवटचा बिल नंबर ई-वे बिलाच्या पोर्टलवर किंवा ई-इनव्हॉइसमध्ये सापडेल. जुना डेटा आला की नोंदी जुळवून घेता येतात. गाडी गेटवर उभी असताना मालकांचा जीव टांगणीला लागतो हे खरं आहे, आणि तो ताण कमी झाला नाही तर ते मेंटेनन्सवाल्याला ‘मार रे तू रिबिल्ड’ म्हणणारच. म्हणून बिलिंगची सोय हा डेटा वाचवण्याचाच पहिला भाग समजा.

आता हात लावायचा तो असा. चारही डिस्क खणातून काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या, आणि प्रत्येक डिस्कवर मार्करनं खणाचा नंबर लिहा. सोबत डिस्कवर छापलेला सीरियल नंबर कागदावर उतरवा. हे बारीक वाटेल, पण रेडमध्ये कुठली डिस्क कितवी होती यावर सगळं गणित उभं असतं. क्रम हरवला तर तो परत शोधता येतो, पण उगाच वेळ खातो.

बिघाड डिस्कचाच आहे का, हेही बघून घ्या. तुमच्याकडे दिवे नारंगी आहेत म्हणून संशय बरोबर आहे. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरचे सगळे दिवे हिरवे असतील, तर आधी साध्या गोष्टी. पॉवर सप्लाय, रॅम, केबल. आणि मदरबोर्डवरचा तो रुपयाएवढा सेल. तो संपला की बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची, तारीख कुठल्या कुठे मागे जाते आणि सेटिंग मुळावर येतं. मदरबोर्डच्याच रेडवर चालणाऱ्या स्वस्तातल्या सर्व्हरमध्ये मग डिस्कच्या जोडणीचा, म्हणजे साटाचा, मोड ‘रेड’वरून ‘एएचसीआय’वर जातो, आणि धडधाकट डिस्क असूनही विंडोज उठत नाही. अशा वेळी कुणी विंडोज नव्यानं टाकलं तर काही रुपयांच्या सेलपायी सगळी वर्षं गेली. बायोसमध्ये तारीख चुकलेली दिसली तर दुसरं काही करण्याआधी हे तपासायचं.

तुमच्या केसकडे येतो. रेड ५ मध्ये चार डिस्क असतात तेव्हा तिघींएवढी जागा डेटाला मिळते आणि एकीएवढी पॅरिटीला, म्हणजे हरवलेलं परत काढायच्या हिशेबाला. ती पॅरिटी चारही डिस्कवर वाटलेली असते. एक डिस्क पडली तर उरलेल्या तीन डिस्क चौथीवरचं सगळं गणितानं काढून देतात. दुसरी पडली की कंट्रोलर हात वर करतो. आता एकाच रात्री दोन डिस्क एकदम मरणं अशक्य नाही, पण बहुतेक वेळा गोष्ट वेगळी असते. पहिली डिस्क कित्येक महिन्यांपूर्वीच बाहेर पडलेली असते. तिचा दिवा तेव्हाच नारंगी झाला, पण सर्व्हर टेबलाखाली, पुढं फायलींचे गठ्ठे, कुणाचं लक्ष गेलं नाही. काम चालूच राहिलं, कारण रेड ५ त्यासाठीच असतो. त्यात परवा वीज गेली आणि दुसरी पडली. तीही पूर्ण मेलेली असतेच असं नाही. एखाद्या खराब सेक्टरवर, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्यावर, अडकून तिनं वेळेत उत्तर दिलं नाही म्हणूनही कंट्रोलर तिला बाहेर काढतो.

समजा तिसऱ्या खणातली डिस्क गणपतीत बाहेर पडली. गणपतीनंतर तिच्यावर एक अक्षरही लिहिलं गेलेलं नाही. बाकीच्या तिघींवर मात्र परवापर्यंतची बिलं आहेत. आता मेंटेनन्सवाला दोन्ही पडलेल्या डिस्क फोर्स ऑनलाइन करणार म्हणजे गणपतीतला डेटा आणि परवाचा डेटा कंट्रोलर एकत्र विणणार. त्यावर विंडोज उठलंच तर त्याचा डिस्क तपासणारा चेकडिस्क आपोआप सुरू होईल, त्याला फाइलींच्या नोंदींमध्ये विसंगती दिसेल आणि तो ती ‘दुरुस्त’ करत सुटेल. आणि चुकीची डिस्क खरी धरून दुसरीवर रिबिल्ड लावला तर चांगल्या डिस्कवर कचरा लिहिला जाईल. त्यानंतर डेटा काढून देणारा लॅबवालासुद्धा काही करू शकत नाही, कारण मूळ अक्षरंच पुसली गेली.

याची एक खूण लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल. चुकीच्या क्रमानं किंवा जुन्या डिस्कसकट जोडलेल्या रेडमध्ये फोल्डरची नावं दिसतात, लहान फाइली उघडतात आणि मोठ्या फाइली उघडत नाहीत. कारण रेड डेटाचे तुकडे करून एकेका डिस्कवर टाकतो, आणि तुकडा बहुतेक ६४ केबी किंवा त्याच्या पटीत असतो. दहा-वीस केबीची एक्सेल शीट एकाच तुकड्यात बसते, ती चांगल्या डिस्कवर असली की बिनबोभाट उघडते. चार एमबीचा फोटो मात्र वरून थोडा दिसतो आणि खाली राखाडी पट्टा. म्हणून कुणी दोन शीट उघडून दाखवून ‘झालं बघा काम’ म्हणालं तर त्याला एखादा मोठा फोटो, मोठी पीडीएफ आणि मोठं ड्रॉइंग उघडायला सांगा.

कुठली डिस्क आधी पडली हे कंट्रोलरच्या लॉगमध्ये तारीखवार असतं. विंडोज उठत नसलं तरी कंट्रोलरच्या स्वतःच्या मेनूतून किंवा सर्व्हरच्या मॅनेजमेंट पोर्टवरून तो बहुतेक वेळा मिळतो. त्या मेनूत फक्त बघायचं, काही ‘इनिशियलाइज’, ‘क्लिअर’ किंवा ‘डिस्कार्ड’ करायचं नाही. वीज अचानक गेली असेल तर कंट्रोलरच्या कॅशेमध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, अजून न लिहिलेला डेटा अडकलेला असू शकतो. तो मेसेज आला की ‘डिस्कार्ड’ दाबणं म्हणजे शेवटची बिलं आपल्या हातानं फेकणं. ज्यांच्याकडे सर्व्हरऐवजी नॅसचा, म्हणजे नेटवर्कवर फाइली ठेवायचा, डबा आहे, त्यांच्या बहुतेक डब्यांत आत लिनक्सचाच रेड असतो. तिथं प्रत्येक डिस्कवर ‘इव्हेंट’चा आकडा लिहिलेला असतो, आणि ज्या डिस्कचा आकडा मागे पडला तीच आधी बाहेर पडलेली.

मग डेटा काढायचा कसा? मूळ डिस्कवर काहीही न करता आधी प्रत्येक डिस्कची जशीच्या तशी नक्कल करायची, आणि पुढचे सगळे प्रयोग नकलेवर. चार डिस्क, चार नकला. त्यासाठी एकूण ८ टीबीच्या वर मोकळी जागा लागेल. हा खर्च टाळायचा मोह होतो, तो आवरा.

नक्कल करायला लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून उठवलेलं एक वेगळं मशीन घ्या. विंडोजच्या मशीनला या डिस्क लावू नका. तो लगेच ‘डिस्क इनिशियलाइज करू का, फॉरमॅट करू का’ विचारतो, आणि घाईत असलेला माणूस ‘हो’ म्हणतो. अजून एक: डिस्क साटा आहेत की सॅस (जोडणीचे दोन प्रकार), ते लेबलवर बघा. साटा असतील तर साध्या मदरबोर्डला लागतील. सॅस असतील तर लागणार नाहीत, त्यासाठी सॅसचं साधं कार्ड लागतं, आणि तेही रेड न करणारं, डिस्क सरळ दाखवणारं.

जोडल्यावर पहिलं काम म्हणजे प्रत्येक डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कनं स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, वाचणं. त्यात तीन ओळी बघा: ५ नंबरची, म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ नंबरची, म्हणजे वाचता न आल्यामुळे रांगेत असलेले, आणि १९८, म्हणजे ज्यांच्यापुढे डिस्कनं हात टेकले ते. ही ओळींची नावं साटा डिस्कची; सॅसचा अहवाल वेगळा दिसतो. तिन्ही शून्य असतील तर नक्कल बहुतेक सरळ होईल. आकडे चढलेले असतील तरी नक्कल करता येते, पण मग साधी कॉपी चालत नाही. त्यासाठी डीडीरेस्क्यू हे फुकटचं आणि भरवशाचं हत्यार आहे. ते आधी जे सहज वाचता येतं ते उचलतं, अडलेल्या जागा सोडून पुढं जातं आणि मग मागे येऊन त्या जागा खरवडतं. कुठवर आलो याची नोंद ते एका मॅप फाइलमध्ये ठेवतं. मध्येच वीज गेली तरी तिथूनच पुढं सुरू. ही मॅप फाइल द्यायला विसरलात तर त्या हत्याराचा निम्मा फायदा गेला.

इथं सगळ्यात वाईट चूक कुठली, तर कुठून कुठं हे उलटं होणं. रिकाम्या डिस्कची नक्कल डेटाच्या डिस्कवर. लिनक्समध्ये डिस्कची नावं रीस्टार्टनंतर बदलू शकतात; काल जी ‘एसडीबी’ होती ती आज ‘एसडीसी’ असेल. म्हणून नावावर जायचं नाही, प्रत्येक वेळी सीरियल नंबर कागदाशी ताडायचा, आणि मोठ्यानं वाचून दुसऱ्या माणसाकडून खात्री करून घ्यायची. ऑफिसातला अकाउंटंट चालतो त्याला, कॉम्प्युटर येण्याची गरज नाही.

वेळेचा अंदाज: धडधाकट डिस्क सेकंदाला १५० एमबी वाचत असेल तर २ टीबीला पावणेचार तास लागतात. आजारी डिस्कला दोन दिवसही लागतील. तिच्यावर टेबल फॅन लावून ठेवा आणि सारखं जाऊन बघत बसू नका. सगळ्यात आजारी डिस्क आधी घ्यायची की चांगल्या आधी, यावर मतं आहेत. माझं मत असं की चांगल्या दोन आणि परवा पडलेली एक, या तिघी आधी. कारण डेटा त्यांच्यातूनच उभा राहणार आहे. गणपतीत पडलेली सगळ्यात शेवटी, आणि तीही फक्त एवढ्यासाठी की परवा पडलेलीवर न वाचता आलेल्या जागी, जिथं त्यानंतर काही बदललेलं नसेल, तिथं तिचा उपयोग होतो.

डिस्क टिकटिक आवाज करत असेल, फिरायलाच तयार नसेल किंवा खरवडल्यासारखा आवाज येत असेल तर वरचं सगळं विसरा आणि लगेच प्लग काढा. ते काम लॅबचं. उद्यमनगरच्या मिस्त्रीला नमुना दाखवला तर तो जगातला कुठलाही पार्ट खरादावर उतरवून देईल याबद्दल माझ्या मनात शंका नाही, पण हार्ड डिस्कचं झाकण तिथं उघडायचं नसतं. हेड (वाचणारं टोक) आणि प्लॅटर (फिरणारी तबकडी) यांच्यातलं अंतर काही नॅनोमीटर असतं. आपल्या हवेतला साधा धुळीचा कण त्यापुढं धोंडा आहे, आणि फाउंड्रीच्या हवेत तर वाळू आणि लोखंडाची भुकटी. जुन्या बाजारातून तसल्याच मॉडेलची डिस्क आणून तिचं हिरवं सर्किट इकडं लावायचा उद्योगही पूर्वी चालायचा. आता चालत नाही, कारण सर्किटवरच्या रॉम चिपमध्ये त्या एकाच डिस्कची मापं लिहिलेली असतात. ती चिप हलवल्याशिवाय नवं सर्किट निरुपयोगी.

लॅब पुण्या-मुंबईची निवडाल तेव्हा काही गोष्टी लेखी घ्या. तपासणीचे पैसे किती, डेटा निघाला नाही तर किती, पैसे भरण्याआधी निघालेल्या फाइलींची यादी दाखवणार का, आणि मूळ डिस्क परत देणार का. चारही डिस्क पाठवा, ‘खराब दोनच’ पाठवू नका. पाठवताना अँटीस्टॅटिक पिशवी, भोवती जाड फोम, आणि शक्यतो माणसाच्या हाती. ट्रॅव्हल्सच्या डिकीत कास्टिंगच्या सॅम्पलशेजारी ठेवू नका.

नकला हाती आल्या की रेड सॉफ्टवेअरमध्ये उभा करायचा. आर-स्टुडिओ, यूएफएस एक्सप्लोरर यांसारखी सॉफ्टवेअरं नकलांवरून कंट्रोलरसारखाच आभासी रेड मांडतात. डिस्कचा क्रम, तुकड्याचा आकार, पॅरिटी कुठल्या दिशेनं फिरते, हे जुळलं की फोल्डरांचं झाड दिसायला लागतं. तीन डिस्क घ्यायच्या, चौथीची जागा मोकळी ठेवायची. जुळलं की नाही हे मघाच्या खुणेनं तपासायचं: मोठे फोटो, मोठ्या पीडीएफ, आणि अगदी परवाच्या तारखेच्या फाइली. तारखा गणपतीपाशी थांबल्या असतील तर तुम्ही चुकीची डिस्क आत घेतली आहे. ती काढून दुसरी लावा. नकलेवर काम चाललंय, त्यामुळं कितीही वेळा उलटापालट केली तरी बिघडत नाही.

काय आधी काढायचं? टॅलीचा डेटा फोल्डर, त्यात आकड्यांच्या नावानं प्रत्येक कंपनीचा फोल्डर असतो. तो अख्खा उचलायचा, त्यातल्या निवडक फाइली नाही. एसक्यूएलच्या एमडीएफ आणि एलडीएफ या फाइलींची जोडी एकत्र. त्या जोडीचीही आणखी एक प्रत काढून तीच नव्या सर्व्हरला जोडायची. डेटाबेस ‘सस्पेक्ट’ (संशयास्पद) दाखवला तर कुणीतरी लगेच डेटा गमावण्याची परवानगी देणारी दुरुस्ती चालवायला सांगेल. ती शेवटची, तीही प्रतीवर. ड्रॉइंगं सावकाश आली तरी चालतील, त्यातली पुष्कळशी ग्राहकांच्या मेलमध्येही सापडतील.

टॅली उघडली म्हणजे डेटा बरोबर आला असं नव्हे. तुमच्या सीएंकडे मागच्या तिमाहीचा ट्रायल बॅलन्स असेल, तो मागवून बाकी ताडा. भरलेला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, पोर्टलवर आहे, खरेदीचं २बी आहे, बँकेची स्टेटमेंटं आहेत. हे मी डेटा पडताळण्यासाठी सांगतोय, पण काहीच निघालं नाही तरी हेच कामाला येतं. ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे, म्हणजे व्यावसायिकांना दिलेली बिलं सरकारकडे नोंदलेली आहेत. फाउंड्रीचे ग्राहक सगळे कंपन्याच. त्यामुळं मालकांना ‘सगळं गेलं’ असं सांगायची वेळ जवळपास येत नाही. कामगारांच्या उचली आणि स्टोअरचा हिशेब ही खरी अडचणीची जागा, तो बाहेर कुठंच नसतो.

पुराचं एक सांगून ठेवतो, कारण २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत कोल्हापुरातल्या व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी भागातल्या ऑफिसांची मशीनं पाण्यात गेली, आणि लोकांनी ती उन्हात वाळवून चालू करून बघितली. बुडालेली डिस्क वाळवायची नाही, तांदळात घालायची नाही. आतला गाळ वाळून प्लॅटरला चिकटला की काम दसपट अवघड होतं. ओलीच पिशवीत हवाबंद करून लॅबला. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३. नदीकाठच्या ऑफिसांनी ३९ ची बातमी आली की सर्व्हर रीतसर बंद करून वरच्या मजल्यावर न्यावा. शिरोलीचा हायवे त्या दोन्ही पुरांत बंद झाला होता, म्हणजे बॅकअपची डिस्क गावात मालकांच्या घरी असेल तर ती हाताशी येईलच असं नाही. एक प्रत इंटरनेटवरही लागते.

सगळं निघाल्यावर त्याच डिस्क परत सर्व्हरमध्ये घालू नका. चारही एकाच वेळी घेतलेल्या असतील तर उरलेल्या दोघीही त्याच वयाच्या आहेत. नव्या डिस्क घ्या, जमलं तर रेड ६ करा, त्यात दोन पडल्या तरी चालतं. आणि पडलेल्या डिस्कचा मेल किंवा मेसेज मालकांच्या मोबाईलवर जाईल असं कंट्रोलरमध्ये लावून घ्या. भट्टीच्या फीडरवरून सर्व्हरला वीज घेतलेली असेल तर तेही बघा. इंडक्शन फर्नेसच्या लाइनवरचे झटके आणि हार्मोनिक्स साध्या यूपीएसला फार दिवस झेपत नाहीत.

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं नियमातच आहे, हे सीएंच्या तोंडून मालकांच्या कानावर घाला. आपण सांगितलेलं ते ऐकत नाहीत. आणि जीएसटीचं रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचं असतं, म्हणून जुन्या चार डिस्क भंगारात न देता खणाचे नंबर तसेच ठेवून कपाटात ठेवा. मेंटेनन्सवाल्याला आज एवढंच सांगा: कंट्रोलरच्या लॉगच्या स्क्रीनचे फोटो काढून दे, बाकी काही दाबू नकोस.